गुरुलिंगची सहा झुरळं

काडेपेटी खुरप्याला लागली तेव्हा मी झेंडूची रोपं लावायला वाफा मोकळा करत होतो. शहात्तर सालचा जून, पहिला आठवडा, गुरुवार. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी माळी होतो आणि होटगीहून रोज सायकल मारत यायचो. प्राणिशास्त्राच्या खोल्यांच्या पाठीमागे मोरीच्या पाण्यावर जगणारा एक वाफा होता. मे महिन्यात बाकी सगळी बाग करपली तरी तेवढा वाफा ओला राहायचा, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

कुणी बिडी पेटवून पेटी टाकली असेल म्हणावं, तर तिला दोरा गुंडाळलेला. मी दोरा सोडला. आत कापूस, कापसावर चिमूटभर विभूती, आणि विभूतीत एक मेलेलं झुरळ. उताणं पडलेलं नव्हे, नीट बसवलेलं. त्याच्या पाठीवर कागदाची बारीक चकती चिकटवलेली आणि चकतीवर शाईनं सात.

माझी शाळा सातवीपर्यंत, होटगीत. त्या शाळेनं मला पाढे शिकवले, पत्र लिहायला शिकवलं, पण भानामतीची भीती काही काढली नाही. कुणीतरी माझ्या वाफ्यात करणी पुरली होती आणि मी शहाणा ती उघडून बसलो होतो. आज नातवंडांना सांगताना मला हसू आवरत नाही. त्या सकाळी मात्र पेटी हातात धरावी की टाकावी हेही कळेना.

मग हळूहळू डोकं ठिकाणावर आलं. झुरळाला आपणहून हात लावणारा माणूस अख्ख्या कॉलेजात एकच होता, आणि विभूतीची पुडी खिशात बाळगणाराही तोच.

गुरुलिंग प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, लिंगायत. चौथीपर्यंत कानडी शाळा, त्यामुळे मराठी बोलायचा तेही कानडीच्या चालीवर. उंच, वाळका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सात पिढ्यांत घरात अंडं आलेलं नाही, आणि नोकरी मिळाली ती पोरांना कापायला झुरळं पुरवायची. पण गडी त्या कामातही तरबेज झाला. मडक्यात पावाचा तुकडा आणि गूळ ठेवायचा, मडक्याच्या गळ्याला आतून तुपाचं बोट फिरवायचा आणि एका बेकरीच्या मागं मडकं ठेवून यायचा. वासानं आत उतरलेल्या झुरळाचे पाय तुपावरून घसरतात, वर येता येत नाही. सकाळी मडकं भरलेलं. शुक्रवार पेठेत त्याचं घर होतं. तिथं सुंदरम्मा, म्हणजे त्याची बायको, अंगणात आंघोळ केल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

"तूप घरचं नेत्यात बघा, धोंडीभावजी," ती मला म्हणायची. "माझ्या भाकरीवर थेंब न्हाय, आन् झुरळास्नी बोट बोट तूप."

"त्येंचं लगीन हाय का कुटं?" मी म्हणायचो.

"लगीन कशाचं. शाळंत घालायलेत त्यास्नी. ह्या गल्लीतली पोरं तिसरीत तीनदा बसली, त्यांचं कुणी बघंना."

गुरुलिंग गालातल्या गालात हसायचा. त्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकदा त्याच्या हातून काचेचा चंबू फुटला. कुणी पाहिलं नव्हतं. पोरांनी फोडला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी हा बाजारातून तस्साच चंबू घेऊन आला, त्याच्यावर जुन्याचाच नंबर घातला आणि फळीवर जागच्या जागी ठेवून दिला. "आपल्या हाती दिलेलं आपल्या हातून गेलं, तर तितं तसलंच परत ठिवायचं," असं तो म्हणायचा. कॉलेजातले सगळे जुने शिपाई असंच करत. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. उलट ह्यालाच आम्ही चोख माणूस म्हणत होतो. पुढचं सगळं ह्या चोखपणानंच केलं.

प्रयोगशाळेत विजयमालाबाई शिकवायच्या. शिकवून उरलेल्या वेळात त्या पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या आणि त्याला तीन वर्षं झाली होती. विषय होता, झुरळाला शिकवलेलं किती दिवस त्याच्या ध्यानात राहतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "बाई, झुरळ शिकतं?"

"शिकतं की. कीटक काय, तुमच्या वाफ्यातलं गांडूळसुद्धा शिकतं. विसरतं कधी, ते मला बघायचंय."

त्यांची एक लाकडी पेटी होती. अर्धी उजेडात, अर्धी झाकलेली, काळोखी. झुरळ सोडलं की ते काळोखाकडं पळणार, ही त्याची जातच. पण काळोखातल्या फळीवर तारा ताणलेल्या होत्या. तिथं पाय टेकला की बॅटरीचा बारीकसा झटका. असं पाच-दहा-पंधरा वेळा झालं की झुरळ काळोखाच्या कडेला येऊन थांबायचं, मिशा हलवायचं आणि मागं फिरायचं. मी स्वतः पाहिलंय. त्या थांबण्यात असं काही होतं की आपलाच श्वास अडकावा. बाई सांगायच्या, "आत," "बाहेर," आणि गुरुलिंग वहीत रेघा मारायचा. पुढं परीक्षा घ्यायची ती बॅटरी बंद करून. दहा वेळा सोडायचं आणि किती वेळा आत जातंय ते मोजायचं. न शिकलेलं झुरळ दहाच्या दहा वेळा आत जातं.

मेच्या सुरुवातीला बाईंनी चोवीस झुरळं शिकवली. एकेकाला एका बैठकीत तीस धडे. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर, तो गुरुलिंगच्या हातचा. प्रत्येकाला वेगळी बरणी, बरणीत ओला कापूस. मग बाई वीस दिवसांसाठी पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "गुरुलिंग, कुणी काही शिकवायचं नाही. नुसतं जगवायचं. आल्यावर बघू, कुणाला काय आठवतंय."

तर आता माझ्या हातातल्या काडेपेटीकडं या. दुपारच्या सुट्टीत गुरुलिंग पाण्याच्या टाकीच्या सावलीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन बसला होता. मी पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याचा घास हातातच राहिला.

"कुटं घावली?"

"माझ्या वाफ्यात. ह्ये काय करायलास गुरुलिंग? कुणावर करणी करायलास?"

"बाकीच्या घावल्या?"

"बाकीच्या म्हंजे? आणिक हायत?"

"सहा हायत," तो म्हणाला, आणि भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

त्यानं सगळं सांगितलं. बाई गेल्यानंतर आठवड्याभरानं गावी त्याच्या भाचीचं लग्न होतं. मामाशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. एक दिवसाचं म्हणून गेला, परतीची एसटी चुकली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात पोचला. मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मावळतीच्या खिडकीतल्या सहा बरण्यांतला कापूस पापडासारखा वाळला होता आणि सहा झुरळं उताणी.

"मग?"

"मग काय. माझ्या हाती दिलेलं माझ्या हातून गेलं. मडकं ठिवलं, सहा नवी धरली, तेच नंबर लिवले आन् बरणीत सोडली."

"आन् मेलेली?"

"आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. बसवून." तो खाली बघत होता. "तीस धडे शिकलेला जीव, धोंडीराम. उकिरड्यावर टाकू काय?"

मी हसलो नाही. हसण्यासारखं त्याच्या तोंडावर काही नव्हतं.

"दुसऱ्या दिशी झाडताना ध्यानात आलं," तो म्हणाला. "चंबू फुटला, नवा ठिवला, तर त्यो चंबूच. पण ह्येंच्या डोस्क्यात बाईंनी कायतरी घातलं हुतं. नव्यांच्या डोस्क्यात कायबी न्हाय. बाई आल्या की ही सहा सरळ काळोखात पळणार. मग म्हटलं, भरून काढावं. बाईंनी तीस धडे दिले, आपुनबी तीस देऊ. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय."

"तू शिकवलंस?"

"रोज तीन. सकाळी झाडलोट झाल्यावर येक, पाणी भरल्यावर येक, कुलूप लावायच्या आदी येक. धा दिस. बॅटरी हुती, पेटी हुती, रोज बघत हुतोच की."

"आन् शिकली?"

"शिकली. कानडीत समजावून सांगायचो, 'होगबेड्रप्पा', आत जाऊ नका म्हणून."

"झुरळास्नी कानडी कळतं व्हय?"

"मराटी तरी कुटं कळतंय," तो म्हणाला, आणि तेवढ्यापुरता हसला. मग लगेच तोंड उतरलं.

शेवटचा धडा त्यानं दिला चोवीस मेच्या संध्याकाळी. पंचवीसला सकाळी बाई आल्या आणि परीक्षा सुरू केली. त्यांची अठरा झुरळं जवळजवळ विसरली होती. दहातून सात वेळा, आठ वेळा आत. सहा मात्र काळोखाच्या कडेवरून मागं फिरत होती. एखाद-दुसऱ्या वेळीच आत. वीस दिवस उलटूनही कालच शिकल्यासारखी. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पुण्याला सरांना कळवलं. सरांचाही बसेना. ते शनिवारी सकाळच्या गाडीनं स्वतः बघायला येणार होते.

"पेढे आणले बाईंनी," गुरुलिंग म्हणाला. "पयला मलाच दिला. 'तुम्ही जगवलीत म्हणून,' म्हणाल्या. त्यो पेढा अजून हितं अडकलाय." त्यानं छातीवर हात ठेवला.

मी अडाणी माणूस, पण एवढं मलाही कळलं. गप्प राहिलं तर सर बघणार, बाई लिहिणार, ते छापून येणार. मग दुसरा कुणी कुठं तरी झुरळं शिकवणार, वीस दिवस थांबणार, आणि त्याची झुरळं विसरणार. लबाड कोण ठरणार, तर बाई. आणि सांगितलं तर तीन वर्षांची मेहनत आजच मातीत. बाईंचं त्यात नखाएवढंही चुकलेलं नव्हतं.

"सांग तू," मी म्हणालो.

"कसं सांगू?"

"तोंडानं."

"तुला सोपं हाय. तुझी रोपं मेली तर दुसरी लावतोस."

ते खरंच होतं. त्या संध्याकाळी वाफ्यात मोकळ्या जागी थोडी रोपं लावली. बाकीचा वाफा मात्र खुरपावासा वाटेना. कुठं काय निघेल ह्याची धास्ती.

शुक्रवारी तो तीनदा बाईंच्या खोलीत गेला आणि तीनदा बाहेर आला. मी खिडकीबाहेर नळी धरून उभा होतो, तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्यांदा गेला तर बाई पेटी स्वतः पुसत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात, त्या सहा बरण्या पुढं आणून ठेवा." त्यानं आणून ठेवल्या. दुसऱ्यांदा गेला तर बाई म्हणाल्या, "गुरुलिंग, बरं नाही का? चेहरा असा का?" हा म्हणाला, "ऊन लागलं." तिसऱ्यांदा गेला तर बाई सरांना दाखवायचे आकडे कागदावर उतरवत होत्या, आणि गुणगुणत होत्या. गुणगुणणाऱ्या माणसाला काय सांगणार? आणीबाणीचा काळ. शिपायाला घरी बसवायला कारण लागत नसे. पण खरं सांगतो, त्या दोन दिवसांत त्यानं नोकरीचं नाव एकदाही काढलं नाही.

संध्याकाळी फाटकाशी मी त्याला म्हणालो, "उद्या साडेनऊला गाडी येतीया."

"ठाऊक हाय," तो म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला. चढून बसायचंही त्याला सुचलं नाही.

शनिवारी मी आठलाच पोचलो. काडेपेटी सदऱ्याच्या खिशात होती. टाकवेना आणि परत पुरवेना. गुरुलिंग प्रयोगशाळेच्या दारात झाडू घेऊन उभा. झाडत नव्हता. बाई आल्या, आज इस्त्रीची सुती साडी, हातात फुलांची पुडी. सरांच्या टेबलावर ठेवायला असेल. त्या आत गेल्या. गुरुलिंगनं झाडू भिंतीला टेकवला, कपाळावरची विभूती बोटानं सारखी केली आणि आत गेला. मी दारापर्यंत गेलो.

"बाई, त्या सहा झुरळांनी वीस दिस ध्यानात ठिवलं न्हाय," तो म्हणाला. "येक रात ठिवलंय."

बाईंना कळेना. "म्हणजे?"

त्यानं सांगितलं. लग्न, एसटी, वाळलेला कापूस, मडकं, नंबर, तीस धडे. एका दमात, मध्ये न थांबता, थांबलो तर पुढं बोलता येणार नाही अशा भीतीनं. बाई स्टुलावर बसल्या. फुलांची पुडी मांडीवर तशीच. बराच वेळ त्या बरण्यांकडं बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग म्हणाल्या, "सहाच कशावरून?"

"अं?"

"सहाच बदलली कशावरून, गुरुलिंग? उरलेली अठरा तरी माझी आहेत का? ती विसरलीत म्हणून मी समजतेय. तीही नवीच असतील तर? नंबर तर तुम्हीच लिहिता. हुबेहूब लिहिता."

गुरुलिंगनं स्वतःच्याच हाताकडं बघितलं. ज्या माणसानं एकदा सातच्या जागी सात ठेवला, त्यानं दहाच्या जागी दहा ठेवला नाही हे कोण सांगणार? सहा गेली म्हणून तो आला होता, आणि आता चोवीसच्या चोवीस हातातून निसटत होती.

मी आत शिरलो आणि पेटी टेबलावर ठेवली. "बाई, मेलेली वाफ्यात हायत. नंबरासकट. जेवढी मेली तेवढी तितं असणार."

बाईंनी पेटी उघडली. विभूतीतला सात बघितला. मग उठल्या. "चला. सगळा वाफा खणा."

"सगळा?"

"सगळा, धोंडीराम. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सातवी पेटी निघाली तर मी सरांना म्हणेन की माझ्याकडं दाखवायला काहीच नाही."

जन्मभर मी माती खणली, पण तसं खणणं तेवढं एकदाच. गुरुवारची रोपं उपटून बाजूला ठेवली. खुरपं घालायचं, ढेकूळ फोडायचं, बोटांनी चाळायचं. गुरुलिंग मोरीशी उभा, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बाई वाफ्याच्या कडेला पदर खोचून वाकलेल्या. पहिली निघाली, तीन नंबर. मग अकरा. मग चौदा आणि बावीस जवळजवळच. मोरीच्या कडेला एकोणीस. टेबलावरचा सात धरून सहा झाले, आणि अजून निम्मा वाफा बाकी होता.

"पुढं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय पेरताय, विजयमाला?"

पुण्याचे सर. हातात बॅग, कपाळाला घाम. टांगेवाला फाटकाशी थांबलेला.

"पेरत नाही, सर. काढतोय," बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, गुरुलिंगवर ढकललंही नाही. शेवटी म्हणाल्या, "चोवीस नाहीत, सर. अठरा आहेत, तीही ह्या उरलेल्या वाफ्यात काही निघालं नाही तर."

सरांनी बॅग खाली ठेवली. "खण बाबा," ते मला म्हणाले.

मी खणत राहिलो. वाफ्याचं शेवटचं हातभर टोक उरलं, आणि खुरप्याला टक् करून काही लागलं. गुरुलिंगनं डोळे उघडले. त्याचा रंग मी आजही विसरलो नाही. स्वतः पुरलेल्याचा हिशोब माणसाला ठाऊक असतो, पण त्या क्षणी त्यालाही स्वतःचा भरवसा उरला नव्हता. मी बोटांनी माती सारली. फुटक्या कौलाचा तुकडा निघाला. त्याच्यापुढं नुसती माती, भिंतीपर्यंत.

"सहा," मी म्हणालो, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

बाईंनी पदराचं टोक सोडलं आणि त्यानंच तोंड पुसलं.

सरांनी एक पेटी उचलून बघितली. "मेलेल्यांचा नंबर का ठेवलास रे?"

"नंबर त्येंचाच हाय की, साहेब," गुरुलिंग म्हणाला. "नव्यास्नी नुसता वापराया दिला हुता."

सरांनी पेटी जपून मिटली. "आणि शिकवलंस किती?"

"बाईंनी दिले तेवढेच. तीस."

"एका बैठकीत?"

"बैठक कुटली, साहेब. झाडू मारायचा, पाणी भरायचं. मधी येळ घावंल तसं. दिसाला तीन."

सरांनी बाईंकडं बघितलं आणि बाईंनी सरांकडं. बाईंच्या तोंडावर मघापासून नव्हतं असं काहीतरी आलं. पण मला काही ते आशेसारखं वाटलं नाही. जास्त करून भीतीच होती.

"शेवटचा धडा कधी?" सरांनी विचारलं.

"चोवीस मे, सांजचं."

"वीस दिवस तेरा जूनला होतात," बाई पुटपुटल्या.

"मग तेरापर्यंत ती सहा जगवा," सर म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही. तेराला परीक्षा घ्या आणि मला कळवा. तीही विसरली असतील तर गोष्ट संपली. पहिल्यापासून सुरू करा." मग गुरुलिंगला म्हणाले, "आणि ह्या खेपेला लग्नाला जायचं नाही."

सर गंमत करत होते. गुरुलिंगनं हुकूम म्हणून घेतला. आठ दिवस तो माणूस प्रयोगशाळेच्या बाहेर गेला तो फक्त झोपायला. कापूस दिवसातून चारदा बदलायचा. बरण्या ओल्या गोणपाटावर ठेवल्या. बाईंनी त्या सहांच्या जुन्या चकत्या काढून नव्या लावल्या, पंचवीस ते तीस. जुने नंबर मेलेल्यांना परत मिळाले. सहा काडेपेट्या खिडकीत ओळीनं ठेवल्या होत्या, सरांनी ठेवायला सांगितल्या म्हणून.

गुरुलिंग जेवायला घरी जाईना तेव्हा सुंदरम्माच दुपारी भाकरी घेऊन आली. प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच येत होती. पदर नाकाला लावून दारात उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "भावजी, ह्यातला हुशार कंचा?"

"ते रविवारी कळंल, वहिनी."

"आन् विसरले तर ह्येंचं काय हुईल?"

गुरुलिंग आतून म्हणाला, "माझं काय न्हाय हुईत. बाईंचं हुईल." ती भाकरी ठेवून गेली. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही.

तेरा तारखेला रविवार होता तरी आम्ही तिघं आलो. बाईंनी पेटी मांडली, बॅटरीची तार काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि वही माझ्या हातात दिली. "आज रेघा धोंडीराम मारतील."

गुरुलिंग समजला. मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

पंचवीस नंबर सोडला. झुरळ उजेडात क्षणभर थांबलं आणि तरातरा काळोखाकडं निघालं. माझी पेन्सिल कागदावर टेकली होती. कडेशी आलं. थांबलं. मिशा लांब करून काळोखात फिरवल्या, एकदा, दोनदा. बाईंच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. मागं गुरुलिंगचा श्वाससुद्धा ऐकू येईना. झुरळानं एक पाय पुढं टाकला. तो उचलला. आणि मागं फिरलं.

"बाहेर," बाई म्हणाल्या.

मी रेघ मारली, ती वाकडी आली.

पंचवीस नंबर दहातून तीनदा आत गेला. सव्वीस चारदा. सत्तावीस दोनदा. अठ्ठावीस तीनदा. एकोणतीस जरा मठ्ठ निघाला, पाचदा. तीस परत तीनदा. बाईंनी माझ्या रेघा तीन वेळा मोजल्या. साठातून वीस. त्यांची स्वतःची अठरा झुरळं दहातून सात-आठ वेळा आत गेली होती, तेवढेच धडे घेऊन, तेवढेच दिवस थांबून.

"एका दिवसात कोंबलेलं गेलं," बाई स्वतःशीच बोलल्या, "आणि थोडं थोडं दिलेलं राहिलं." मग वही मिटली. "पण सहा म्हणजे काहीच नाही. सहावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. साठ लागतील. तीस माझ्या पद्धतीनं, तीस तुमच्या. पहिल्यापासून. वर्ष जाईल अजून."

त्या खूश होत्या की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. दमल्या होत्या. तीन वर्षांचं चौथं वर्ष झालं होतं.

गुरुलिंग भिंतीपासून पुढं आला. "बाई, मडकं आज ठिवू काय?"

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. "ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि एखादं मेलं तर?"

"सांगीन."

"त्याच दिवशी?"

"त्याच घटकंला."

निघताना त्यानं खिडकीतल्या काडेपेट्या ओंजळीत घेतल्या आणि मला म्हणाला, "धोंडीराम, ह्यास्नी परत जागा दे की." मी वाफ्याच्या भिंतीकडचा कोपरा दिला. त्या वर्षी झेंडू तेवढा कोपरा सोडून लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरम्मा फाटकाशी उभी होती. पदराखाली झाकलेली वाटी. तिनं ती माझ्या हातात दिली. तूप, काठोकाठ.

"साठ हायत म्हणं," ती म्हणाली. "एवढं पुरंल काय?"